सुनेच्या गोळ्या आणि नवऱ्याची चिठ्ठी: तापीकाठच्या एका घराचं प्रकरण

जळगाव जिल्ह्यात तापीपासून फार लांब नसलेलं कापूस-केळीचं एक गाव. घरात सासू-सासरे, एकवीस वर्षांची सून, अमळनेरला कॉलेजात जाणारी एकोणीस वर्षांची नणंद आणि सुरतेला कापड मार्केटात कामाला असलेला मुलगा. ओळख पटू नये म्हणून कोणाचं नाव दिलेलं नाही, काही तपशीलही फिरवले आहेत. नाती मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत. या घरात कोणी काय बोलायचं हे नात्यांनीच ठरवलं होतं, त्यामुळे ती बदलली तर प्रकरणात काही उरणार नाही.

सुनेचं दुखणं सात-आठ महिन्यांचं. अंगावरून पिवळसर, वास येणारं पाणी जायचं, ओटीपोटात एका बाजूला ठणकायचं. नवरा आला की दुखणं वाढायचं. लग्न १९ व्या वर्षी झालेलं, म्हणजे कायद्याने चोख. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. ही मुलगी त्या आकड्यात येत नाही. बारावी झालेली, मोबाइल वापरणारी, कागदोपत्री 'सुटलेली' मुलगी. तरी हे दुखणं तिने इतके महिने अंगावर काढलं.

असं ऐकलं की आपण लगेच म्हणतो, माहितीच नसते हो यांना. या घरात मला ते पटत नाही. सुनेला आपल्याला काहीतरी झालंय हे पक्कं ठाऊक होतं. सासूने स्वतः तरुणपणी हेच भोगलं होतं. नणंद विज्ञान शाखेची, जंतुसंसर्ग म्हणजे काय हे तिला कळत होतं. नवऱ्याला तर आणखी एक गोष्ट ठाऊक होती, ती पुढे येईलच. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, आणि आपला तुकडा दुसऱ्याला दाखवायची मुभा कोणालाच नव्हती. मराठीत या विषयावर छापील मजकुराची वानवा म्हणावी तर र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. शंभर वर्षं होत आली. मजकूर आहे. तो मला ठाऊक आहे असं कोणी म्हणायचं, इथे गाडं अडतं.

कोण कोणाशी बोलू शकतं

सून सासूला फुई म्हणते, लांबच्या नात्याने ती आत्याच लागते. नातं आधीचं असल्यामुळे घरात जाच नव्हता. एकदा सुनेने चाचरत सांगितलं, तेव्हा सासू म्हणाली, "बाईना जातले हाई लागेलच शे." आणि तांदळाचं धुवण प्यायला दिलं. यात तिचा दुष्टपणा नव्हता. तिला तिच्या सासूने हेच सांगितलं होतं, आणि तिचं आयुष्य त्यावर निभावलं होतं.

नणंदेने फोनवर शोधून पाहिलं आणि जेवताना नुसतं एवढंच म्हणाली की वहिनीला डॉक्टरकडे न्यायला पाहिजे, हे इन्फेक्शन असेल. आईने ताट सरकवलं. "तुले हाई कोनी सांगं?" दुखणं राहिलं बाजूला, बिनलग्नाच्या पोरीला हे कळतं कसं यावरच दोन दिवस घर धुमसलं. पुढे कित्येक दिवस नणंदेचा फोन रात्री आईच्या उशाशी असायचा.

या मुलींना जे सोसावं लागतं त्याचा पीळ इथे आहे. लग्न न झालेल्या मुलीने काही ठाऊक असल्याचं दाखवलं की तिच्या वागण्यावर शंका. लग्न झालेलीने दाखवलं की माहेरच्या वळणावर शंका. दोघींनाही अजाण दिसण्याचं बक्षीस मिळतं, आणि त्या अजाण दिसायला शिकतात. शिबिरात 'कोणाला काही प्रश्न आहेत का?' असं विचारल्यावर पहिल्या रांगेतल्या मुली खाली बघून हसतात त्यावरून त्यांना काही कळत नाही असा अंदाज बांधणारे अधिकारी मी पाहिले आहेत.

गावात आशाताई आहेत. कामसू बाई, त्यांच्याकडे निरोध, पाळणा लांबवायच्या माला-एन आणि छाया या गोळ्या, सगळं असतं. पण त्या नवऱ्याची चुलत काकू. त्यांच्याकडे जाणं म्हणजे सगळ्या भाऊबंदकीत जाणं असं सुनेला वाटायचं. आशाताई खरंच बाहेर बोलल्या असत्या का, कोण जाणे. त्यांना दोष देताना हेही बघायला हवं की त्याही त्याच गल्लीची सून आहेत. पुरुषाच्या हातात निरोधचं पाकीट ठेवायला त्या कधी गेल्या नाहीत, जाऊ शकतही नाहीत. बाईच्या हातात देतात, आणि ती नवऱ्याला देईल असं गृहीत धरलेलं असतं. देशभर चित्र हेच. सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत विवाहितांमध्ये स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. या आकड्यांकडे मी नियोजनाची आकडेवारी म्हणून कमी आणि सरकारी माणूस घरात कोणाशी बोलतो याची नोंद म्हणून जास्त बघते.

आणि नवरा? रोज रात्री व्हिडिओ कॉल व्हायचा. ओसरीत, सगळ्यांसमोर. जेवलीस का, कापूस किती वेचला, आबांची दाढ दुखते का.

मूल होत नाही म्हणून

या घराने सुनेला डॉक्टरकडे नेलं, पण वेगळ्या कारणासाठी. लग्नाला दीड वर्ष होऊन पाळणा हलला नव्हता. नवरा महिन्या-दोन महिन्यांनी ताप्ती लाइनच्या गाडीने दोन दिवस येतो, हा हिशेब कोणी केला नाही. तालुक्याच्या ठिकाणी खासगी दवाखान्यात सासू बरोबर गेली. डॉक्टरांनी सगळे प्रश्न सासूला विचारले, उत्तरंही तिनेच दिली. पाळी वेळेवर येते का, लग्नाला किती दिवस झाले, आधी कधी राहिलं होतं का. सुनेला एकटीला बसवून काही विचारलं गेलं नाही. सोनोग्राफी झाली, फॉलिक ॲसिड आणि ताकदीच्या गोळ्या मिळाल्या, बिल झालं. अंगावर जाण्याबद्दल सून बोलली नाही. सासूलाही तो विषय इथला वाटला नाही.

वैद्यकीयदृष्ट्या हे दोन विषय नव्हतेच. गर्भाशयमुखाचा संसर्ग वर चढला की गर्भनलिकांना सूज येते, व्रण राहतात, नळ्या चिकटू शकतात, आणि मूल न राहण्याचं ते एक ओळखीचं कारण आहे. म्हणजे ज्या दुखण्यावर धुवण दिलं जात होतं, कदाचित त्याच्याच परिणामावर हजारो रुपये खर्च होत होते. बाईच्या पोटात मूल नाही, हे घराचं दुखणं. बाईचं पोट दुखतं, हे तिचं तिचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी गेली. खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींची सुट्टी. गौराई, झोके, गाणी, सासरच्या माणसांवर यथेच्छ तोंडसुख. झोक्यावरच्या त्या मोकळेपणाचं आपण लेखांतून भरपूर कौतुक करतो. माझ्या ऐकण्यात आलेल्या गाण्यांत सासूचा जाच आहे, नणंदेचा तोरा आहे, रुसलेला नवरा आहे. अंगावर जाण्याचं गाणं मी ऐकलेलं नाही. पण झोक्याजवळ एक चुलत बहीण भेटली, दोन मुलांची आई. गरोदरपणात ग्रामीण रुग्णालयात तिची एचआयव्हीची तपासणी झाली होती (प्रत्येक गरोदर बाईची करतात), तेव्हा तिथल्या समुपदेशक मॅडमनी दार लावून घेऊन तिच्याशी एकटीशी बोलणं केलं होतं. ते तिच्या लक्षात राहिलं होतं. "त्या मॅडम दार लायी लेतीस," एवढ्या शिफारशीवर सून तिथे गेली. आईला सांगितलं, दातासाठी चालले.

पिवळा किट

सरकारी व्यवस्थेत या आजारांसाठी लक्षणांवरून उपचार करायची पद्धत आहे. प्रयोगशाळेच्या अहवालासाठी रुग्णाला ताटकळत ठेवायचं नाही, कारण ती परत येईलच असं नसतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात त्यासाठी रंगांनी ओळखायचे सात किट ठरवलेले आहेत. योनीदाहासाठी हिरवा, गर्भाशयमुखाच्या स्रावासाठी राखाडी, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळा, असे. औषधं फुकट. मोठ्या रुग्णालयांत हे काम 'सुरक्षा क्लिनिक' या पाटीखाली चालतं.

आत गेल्यावर परिचारिकेने सवयीने विचारलं, घरचं कोण आलंय? समुपदेशकाने मधेच थांबवलं. सज्ञान बाईच्या तपासणीला सासूची किंवा नवऱ्याची परवानगी लागत नाही. गर्भपाताच्या कायद्यातसुद्धा अठरा वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही मागणं हा नुसता रिवाज आहे. वैद्यकीय अधिकारी बाई होत्या. त्यांनी तपासलं, गरोदर नाही याची खात्री केली, सिफिलिस आणि एचआयव्हीसाठी संमती घेऊन रक्त घेतलं आणि पिवळा किट दिला. चौदा दिवसांच्या गोळ्या. रक्ताचे दोन्ही अहवाल पुढे निर्दोष आले.

शिवाय एक चिठ्ठी. जोडीदारासाठी. त्यानेही औषध घ्यायचं, त्याला लक्षणं असोत-नसोत, नाहीतर हिचं बरं होऊन उपयोग नाही. तोवर संबंध नकोत, किंवा निरोध वापरायचा. समुपदेशकाने सगळं नीट समजावलं आणि शेवटी छापील पत्रकातलं वाक्य म्हटलं, पतीशी मोकळेपणाने बोला.

ती हसली, म्हणे. समुपदेशकाने हे मला दोनदा सांगितलं.

औषधाचं काय झालं ते आधी. आखाजी संपवून ती सासरी आली तेव्हा निम्म्याहून जास्त गोळ्या शिल्लक होत्या. दिवसातून दोनदा, जेवणानंतर, एका खोलीच्या स्वयंपाकघरात, सासूची नजर चुकवून. सहाव्या दिवशी सासूला ज्वारीच्या डब्यामागे पाकीट सापडलं. मूल होत नाही म्हणून देवापासून डॉक्टरपर्यंत सगळं चाललेलं, आणि सून चोरून गोळ्या खाते! सासूने जो निष्कर्ष काढला तो तिच्या जागी कोणीही काढला असता. पाळणा लांबवायच्या गोळ्या. माहेरी फोन गेला, सुरतेला फोन गेला, पाकीट चुलीत गेलं.

सून तेव्हाही काही बोलली नाही. या प्रकरणावर आमची बैठक झाली तेव्हा यावरून बराच वाद झाला. कोणी म्हणालं, एका वाक्यात मिटलं असतं, हे दुखण्याचं औषध आहे म्हणून सांगायचं. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न होता, कसलं दुखणं? मग, कशाने झालं? तिसरा प्रश्न कोणाकडून झालं हा. पहिल्या उत्तराबरोबर बाकीची दोन बांधलेली आहेत हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. मूल नको असलेली सून हा आरोप तिने पत्करला, कारण तो त्यातल्या त्यात स्वस्त होता.

तोंड उघडलं नणंदेने, आधी चटका बसलेला असूनही. या वेळी ती शहाणपणाने बोलली. चुलीपुढे पडलेल्या रिकाम्या वेष्टनावरचं औषधाचं नाव तिने आईला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाली, हे जंतू मारायचं औषध आहे, मूल राहायला पोट आधी साफ लागतं. ठाऊक असल्याचा गुन्हा तिने औषधाच्या कंपनीच्या नावावर ढकलला. आई वरमली. दुसऱ्या दिवशी सासू, सून आणि नणंद तिघी ग्रामीण रुग्णालयात.

तिथे 'मूल' या शब्दाने दार उघडलं. समुपदेशकाने सासूला सांगितलं की नळ्यांना सूज असेल तर मूल राहत नाही, म्हणून हे औषध पुरं व्हायला हवं, आणि ते दोघांनी घ्यायचं असतं. सासूला हे लगेच पटलं. मुलासाठी दोघांनी औषध घेणं यात कोणाची अब्रू जात नव्हती. नवीन किट मिळाला, आणि या वेळी चौदा दिवस सासूने स्वतः वेळ पाळून गोळ्या दिल्या.

सगळं खरं सांगितलेलं नाही, अशी एक हरकत बैठकीत आली. मला ती अर्धीच मान्य आहे. सासूला सांगितलेला शब्दन् शब्द खरा होता, आणि उरलेला भाग सासूला सांगण्याजोगा नव्हताच, कारण तो रुग्णाचा खासगी भाग आहे. नवऱ्याच्या बाबतीत मात्र असं अर्धं बोलून चाललं नसतं.

सुरतेला फोन

सुनेच्या संमतीने समुपदेशकाने त्याला फोन केला. पहिल्यांदा त्याने फसवणुकीचा फोन समजून ठेवून दिला. दुसऱ्यांदा चिडला, "तिने काय काय सांगितलं तुम्हाला?" घरच्या दुखण्यात परकी बाई आपल्याशी या विषयावर बोलते याचीच त्याला लाज वाटत होती. सुरतेतल्या सरकारी रुग्णालयातही हेच औषध मिळेल, चिठ्ठीचा फोटो पुरेल, हे सांगून झालं. तो गेला नाही. एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी, आणि रांगेत ओळखीचा खानदेशी माणूस भेटण्याची धास्ती. सुरतेत उधना-लिंबायतच्या बाजूला निम्मी ओळख गावाकडचीच असते.

तो आला पेरणीच्या वेळी. रुग्णालयात एक पुरुष समुपदेशक आहेत, त्यांनी त्याला चहाच्या टपरीवर न नेता आत बसवलं, दार लावलं आणि अर्धा तास गप्पा पाऊस-कापसाच्या केल्या. मग त्याने सांगितलं. वर्षभरापूर्वी लघवीला जळजळ झाली होती, थोडा पू आला होता. मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेतल्या, दोन दिवसांत थांबलं. थांबलं म्हणजे गेलं असं त्याने धरलं. कोणाला सांगितलं नाही. "गड्याने काय सांगायचं असतं त्यात?"

म्हणजे दुखण्याची पहिली खूण या घरात त्याच्यापाशी होती. पुरुष घरात वरचढ असतो म्हणून मोकळं बोलू शकतो, हे आपलं एक सोयीचं गृहीतक आहे. आजारी, घाबरलेला, अडाणी दिसण्याची मुभा त्यालाही नव्हती. फरक किंमतीत आहे. त्याच्या गप्प बसण्याचा खर्च तिच्या पोटातून वसूल होत होता.

त्याला संसर्ग कुठून झाला हे पुरुष समुपदेशकाने विचारलं, पण तिच्यासमोर नाही आणि नोंदीत तिच्या कागदावरही नाही. औषधाला त्या उत्तराची गरज नव्हती. त्याने राखाडी किटमधल्या एकदाच घ्यायच्या गोळ्या तिथेच पाण्याबरोबर घेतल्या, रक्त दिलं. अहवाल निर्दोष. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं आहे.

तिने त्याला काही विचारलं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "इचारं तं ऐकनं बी पडी." मी पुढे काही बोलले नाही. तिचा संसार तिला चालवायचा आहे, आणि काय ठाऊक करून घ्यायचं ते ठरवण्याचा तिचा हक्क मला तिच्या मौनापेक्षा मोठा वाटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती चिठ्ठी तिच्या हातात द्यायला नको होती. जोडीदाराच्या उपचाराचं सगळं काम आपण घरातल्या सर्वांत कमी बोलू शकणाऱ्या माणसावर टाकतो आणि ते झालं नाही की नोंदवहीत 'जोडीदार आला नाही' असं लिहितो. आला नाही हे कर्म त्याचं, आणि शेरा तिच्या पानावर. बाईने हो म्हटलं तर रुग्णालयाने त्याला थेट गाठावं, पुरुषाने गाठावं, आणि तो गावी येण्याचे दिवस धरून गाठावं. पेरणी, श्रावणातला कानबाईचा सण, दिवाळी. कानबाईच्या रोटांना सुरतेहून झाडून सगळे येतात. तेवढ्या आठवड्यात संध्याकाळी दवाखाना उघडा ठेवला तर जे वर्षभराच्या पत्रकांनी होत नाही ते होईल, असं मला वाटतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे पटलं, पण सणाच्या आठवड्यात कर्मचारीही रजेवर असतात हेही त्यांनी ऐकवलं.

नणंदेबद्दल थोडं. त्याच रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहे, २०१४ सालच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं. तिथे मुली येतात त्या मुरुमांसाठी, पाळीसाठी, लोहाच्या गोळ्यांसाठी. वहिनीबरोबर आलेली असताना तिने समुपदेशकाला विचारलं, माझं स्थळ बघतायत, मुलाला एचआयव्हीची तपासणी मागता येते का? उत्तर असं की सक्ती करता येत नाही, २०१७ च्या कायद्याप्रमाणे संमतीशिवाय तपासणी नाही. दोघांनी मिळून आपखुशीने करायला मात्र कोणाची ना नाही. मग लग्नाच्या बैठकीत हे बोलायचं कोणी, यावर समुपदेशकाकडेही उत्तर नव्हतं.

आणि सासू. तिसऱ्या खेपेला तिने स्वतःच्या नावाचा केसपेपर काढला. धाकटीच्या बाळंतपणापासून अंग (गर्भाशय) बाहेर येतं, म्हणजे एकोणीस वर्षं. तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं आहे. शस्त्रक्रियेचं कापूस घरी आल्यावर बघू म्हणते.

सुनेचं दुखणं थांबलं आहे, स्रावही. मुलाची बाब उभीच आहे. जोडप्याची तपासणी करायची तर पुरुषाची वीर्यतपासणी आधी करतात. ती सोपी, स्वस्त, विनावेदना. नळ्यांचा एक्स-रे त्यानंतर, आणि तो दुखतो. घरात ठरलं ते उलट. सुनेचा एक्स-रे पोळ्याच्या आत उरकायचा, मुलाचं दिवाळीत आला की बघू. समुपदेशकाने वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने क्रम कागदावर लिहून दिला आहे, आधी त्याची, मग हिची. या वेळी तो कागद सुनेकडे दिलेला नाही. त्याचा फोटो थेट सुरतेला पाठवला आहे, पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर आलेलं नाही.